शिलाई मशीनवरचं स्टिअरिंग

माझा पहिला अपघात आमच्या पुढच्या खोलीत झाला. संध्याकाळचे सव्वासहा वाजले होते, कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती आणि मी एका परक्या गावाच्या चौकात दुधाच्या गाडीवर जाऊन आदळले. काच फुटल्याचा आवाज हेडफोनमधून थेट डोक्यात शिरला. मी इतक्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या वहिनी भिंतीवरून डोकावल्या आणि म्हणाल्या, "काय झालं हो, सुई घुसली का बोटात?" मी म्हटलं, "हो, घुसली." समोर पडद्यावर माझी लाल गाडी बोनेट वर करून धूर सोडत उभी होती आणि पुण्याहून लेक कानात सांगत होती, "आई, कीबोर्डवरचं आर दाब. आर दाबलं की गाडी पुन्हा नवी होते."

मी आर दाबलं. गाडी नवी झाली. त्या दिवशी भाजीत मीठ मात्र दोनदा पडलं.

मी जळगावच्या पिंप्राळ्यात घरीच ब्लाउज शिवते. सव्वीस वर्षं झाली. बाह्या कुठे उसवतील आणि कोणती बाई दिवाळीपर्यंत किती सुटेल हे मला माप घेताना कळतं. एवढं सोडून बाकी कशातच मी धीट नाही. रस्ता ओलांडतानासुद्धा मी दुसऱ्या कोणाच्या तरी आडोशाने ओलांडते. अशी मी बावन्नाव्या वर्षी संगणकातल्या गावात गाडी शिकायला बसले, ते हौसेने नाही. अडला हरी, दुसरं काय.

माझे यजमान शाळेचे मुख्याध्यापक होते. सगळी कॉलनी त्यांना सर म्हणते, म्हणून मीही सरच म्हणते. आदल्या दसऱ्यानंतर आम्ही धुळ्याला पुतणीच्या मुलाच्या बारशाला गेलो होतो. परत येताना दुपारची वेळ, रस्ता मोकळा, सर गाडी चालवत होते आणि बारशातल्या जेवणाला नावं ठेवत होते. पारोळ्याच्या अलीकडे त्यांनी पुढच्या ट्रकला ओलांडायला उजवा इंडिकेटर लावला आणि बोलता बोलता मध्येच थांबले. मला वाटलं आठवतायत काहीतरी. बघते तो मान एका बाजूला वळलेली, जबडा घट्ट, हात स्टिअरिंगवर ताठ. मग ते सगळेच हलायला लागले.

मी "अहो, अहो" करत राहिले. त्याशिवाय मी काहीच केलं नाही, हे मला सांगायलाच पाहिजे. आमच्या दोघांच्या मधे हँडब्रेक होता. बारा वर्षं मी त्याला पर्सचा बंद अडकवत होते आणि तो कशाला असतो हे मला ठाऊक नव्हतं. गाडी डावीकडे घसरत रस्त्याच्या खाली उतरली, कपाशीत शिरली आणि बांधाला टेकून आपली आपण बंद पडली. इंडिकेटर मात्र चालूच होता. टिक टिक, टिक टिक. सरांच्या तोंडातून फेस येत होता, ओठ फुटून रक्त येत होतं आणि तो टिकटिकत होता.

शेतातली माणसं धावत आली. भली माणसं, त्यांनी सरांना बाहेर काढून सावलीत निजवलं. पण आपल्याकडे फेफरं आलं की जे करतात तेही केलं. एकाने कांदा फोडून नाकाला लावला, दुसऱ्याने पायातली चप्पल काढून हुंगवली. सर शुद्धीवर आले तेव्हा भोवती दहा-बारा माणसं होती आणि कोणाची तरी चिखलाने भरलेली चप्पल त्यांच्या नाकाशी होती. ज्या माणसासमोर वर्गात टाचणी पडलेली ऐकू यायची, तो माणूस ती चप्पल बघत होता. त्यांनी डोळे मिटून घेतले. घरी आल्यावर पहिलं वाक्य बोलले ते हे, "कोणाला सांगू नकोस."

मुलीचं लग्न व्हायचं होतं. भुसावळचं रेल्वेतलं एक स्थळ नुकतंच येऊन गेलं होतं, पोरीला पसंत होतं. घराण्यात फेफरं आहे असं एकदा बाहेर पडलं की पुढे काय होतं हे मी ब्लाउज शिवता शिवता शंभर बायकांकडून ऐकलेलं आहे. लेक फोनवर म्हणाली, "आपण सांगून टाकू त्यांना." सर म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची." विषय तिथेच मिटला.

जळगावात दवाखाने काय कमी आहेत? पण प्रत्येक दवाखान्याच्या बाकावर सरांचा एक तरी माजी विद्यार्थी बसलेला असणार. म्हणून आम्ही धुळ्याचा डॉक्टर धरला. त्यांनी गोळ्या दिल्या, गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं आणि दर महिन्याला यायला सांगितलं. पहिले दोन महिने आम्ही बसने गेलो. मी सरांना खिडकीशी बसवायचे आणि त्यांच्या हाताकडे बघत बसायचे. त्यांनी जांभई दिली तरी मी त्यांचं मनगट धरायचे. दुसऱ्या खेपेला एरंडोलच्या पुढे त्यांचा डोळा लागला, गतिरोधकावर बस उडाली तशी मान लटकन पडली आणि मी त्यांना इतकं हलवलं की कंडक्टर येऊन विचारायला लागला, "काका बरे आहेत ना?" अर्धी बस वळून बघत होती. सर खाली उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. उतरल्यावर म्हणाले, "आता बसने नाही."

भाड्याची गाडी करायची तर ड्रायव्हर पिंप्राळ्याचाच. दर महिन्याला मेंदूच्या डॉक्टरकडे नेलेलं गिऱ्हाईक तो पोटात ठेवेल होय? पुढचा महिना गेला, आम्ही गेलो नाही. त्याच्या पुढचाही गेला. जुन्याच गोळ्या मागवून चालू होत्या आणि एका सकाळी मोरीत दुसरी फिट आली. बादलीचा आवाज झाला म्हणून मी धावले. त्या दिवशी मी ठरवलं की गाडी मीच शिकायची.

तेही गुपचूप. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी डोक्यावर हातभर पाटी घेऊन कॉलनीतून फिरते. मला त्यात बघितलं असतं तर संध्याकाळपर्यंत दहा जणींनी विचारलं असतं, या वयात कशाला, आणि सरांना काय झालं. लेकीनेच मग हा मार्ग काढला. तिने तिच्या मैत्रिणीचं जुनं स्टिअरिंग, पेडलं आणि संगणक कुरिअरने पाठवलं. स्टिअरिंग घट्ट पकडायला जाड फळी लागते म्हणाली. आमच्या घरात तशी एकच फळी, शिलाई मशीनची. मशीनच्या डाव्या अंगाला स्टिअरिंग आवळलं, खाली मशीनच्या मोटरच्या पेडलशेजारी तीन पेडलं मांडली आणि पडदा कपड्यांच्या कपाटावर ठेवला. गिऱ्हाईक आलं की मी स्टिअरिंगवर अस्तराचा कपडा टाकायचे. एकीने विचारलंच, "हे काय गोल?" मी म्हटलं, "कळशी आहे."

त्या खेळाच्या जगात देशोदेशीची माणसं एकाच वेळी गाड्या चालवत असतात. रस्ते, सिग्नल, पेट्रोल पंप, पावसाने ओले झालेले पूल, सगळं असतं. लेकीने मला नियम पाळणाऱ्यांचं एक गाव निवडून दिलं होतं. तिथे सिग्नल मोडला की हाकलून देतात. मला देह म्हणून एक टोपीवाला तरणा पुरुष मिळाला. साडी नव्हती. लेक ऑफिसमधून आली की आम्ही तिथल्या तळ्याकाठच्या पंपावर भेटायचो. तिची हिरवी जीप येऊन उभी राहायची, दिवे दोनदा लुकलुकायचे आणि कानात आवाज यायचा, "चल आई, क्लच." दिवाळीपासून पोरीचं तोंड बघितलं नव्हतं, पण ती जीप दिसली की घरी आल्यासारखं वाटायचं.

लोक म्हणतील, खेळातल्या गाडीला काय भ्यायचं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मी रोज भ्यायचे. तीन वाजल्यापासून घड्याळाकडे बघायला लागायचे. सगळ्यात वाईट इंडिकेटर. वळायच्या आधी तो लावावाच लागायचा, नाहीतर त्या गावचे पोलीस शिट्टी वाजवायचे. लावला की कानात टिक टिक सुरू व्हायचं, माझी बोटं गार पडायची आणि समोरच्या रस्त्याच्या कडेला कपाशी दिसायला लागायची. तिथे तर कपाशी नव्हतीच, कसली तरी सुरूसारखी झाडं होती. लेकीला मी हे सांगितलं नाही. ती म्हणायची, "आई, इंडिकेटर बंद कर, वळून झालं ना," आणि मी बंद करायचे.

दुसरा वैरी माझा पाय. शिलाईच्या मोटरवर पाय दाबला की मशीन धावतं, उचलला की जागीच थांबतं. सव्वीस वर्षांची सवय. समोर कोणी आलं की मी पाय उचलून घ्यायचे आणि गाडी थांबायची वाट बघायचे. गाडी कशाला थांबतेय? ती आपली गडगडत जाऊन आदळायची. "ब्रेक, आई, ब्रेक. नुसता पाय उचलून काय होणार?" लेक कळवळून सांगायची. दोन महिन्यांत मी विजेचे खांब, बाकडी, एक कारंजं आणि किती गाड्या ठोकल्या त्याची मोजदाद नाही.

एकदा एक काळी गाडी माझ्या मागे लागली. मी थांबले की ती थांबायची, निघाले की मागून धक्का मारायची. लेक त्या दिवशी नव्हती. प्रत्येक धक्क्याने पडदा हलायचा. शेवटी मी गाडी बंद केली आणि खालच्या रकान्यात मराठीत लिहिलं, "अहो, मी शिकते आहे. मला यजमानांना दवाखान्यात न्यायचं आहे." पलीकडून एक प्रश्नचिन्ह आलं. थोडा वेळ ती गाडी तशीच उभी राहिली, मग वळून निघून गेली. आमचा आजार मी पहिल्यांदा कोणाला सांगितला असेल तर त्या काळ्या गाडीवाल्याला, आणि त्याला मराठी येत नव्हतं.

सर या सगळ्या वेळात खोलीतल्या पलंगावर पेपर घेऊन बसलेले असायचे. माझ्या शिकण्यावर त्यांनी बरं-वाईट काही म्हटलं नाही. तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, पण एक सूचना नाही. पण मी चौकात वेगाने शिरले की पेपराखाली त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबला जायचा. मी ते कपाटाच्या काचेत बघायचे. एकदाच ते बोलले. पडद्याकडे बघत म्हणाले, "हे गाव उजवीकडून चालतं."

चालतच होतं. परदेशातलं गाव ते. लेकीनेही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, इथे उजवी बाजू धरायची, आपल्याकडे आल्यावर उलटं करायचं. मी सरांना म्हटलं, "मी आयुष्यभर ब्लाउज उलटे करूनच शिवलेत. उलट-सुलट मला नका सांगू." सरांनी पेपर वर केला. इतका माज मी जन्मात कशाचा केला नसेल.

मे महिन्यात लेक पंधरा दिवस घरी आली. लर्निंग लायसन मी आधीच काढून ठेवलं होतं. विचारणाऱ्यांना सांगितलं, लेकीला हौस आलीय आईला शिकवायची. कॉलनीच्या मागे प्लॉट पाडून ठेवलेलं मोकळं रान आहे, तिथे पहाटे आम्ही खरी गाडी काढायचो. लेक शेजारी बसून सारखी म्हणायची, "डावीकडे, आई, डावीकडे." मीही डावीकडे घ्यायचे. गावात तर पुढच्या रिक्षाच्या मागे जायचं, चूक व्हायला जागाच नव्हती. परीक्षा पास झाले. लायसन हातात आलं तेव्हा लेक नाचली आणि मला रडू आलं, कारण आता न जाण्याला काही सबब उरली नव्हती. लेक पुण्याला गेली. धुळ्याची तारीख घेतली.

जूनचे पहिले दिवस होते, आभाळ अजून कोरडंच. मी गाडीपुढे नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि लिंबावरून गाडी नेताना ती बंद पडली. मी पुन्हा किल्ली फिरवली. शेजारच्या वहिनी फाटकात उभ्या राहून म्हणाल्या, "सर असताना तुम्ही का हो चालवताय?" मी म्हटलं, "मला सवय व्हावी म्हणून." सर समोर बघत होते.

पाळधी गेलं, एरंडोल गेलं. महामार्गाला मधे दुभाजक आहे, आपली बाजू आपल्याला सोडून कुठे जात नाही. मी चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. ट्रक हॉर्न देत जायचे आणि प्रत्येक हॉर्नला माझा घाम मानेवरून खाली उतरायचा. पण माझी खरी नजर रस्त्यावर नव्हतीच. दर थोड्या वेळाने मी सरांचे हात बघत होते. ते मांडीवर होते, शांत. मला वाटत होतं, आता हलतील. आता हलले तर मी काय करू, हे मी मनात म्हणत होते, जसं लहानपणी पाढे म्हणायचो तसं. गाडी कडेला. हँडब्रेक. कुशीवर वळवायचं. तोंडात काही घालायचं नाही. चप्पल कोणाला लावू द्यायची नाही.

सरांची अकराची गोळी खाऊन घ्यायची होती. पारोळ्याच्या पुढे मी महामार्ग सोडून एका गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला गाडी घेतली आणि निंबाच्या सावलीत उभी केली. पोळी-चटणी खाल्ली, त्यांनी गोळी घेतली. मला जरा बरं वाटलं. निम्म्याहून जास्त वाट सरली होती आणि त्यांचे हात शांत होते. मी त्यांना म्हटलंही, "बघा, आणलं की नाही." ते हसले. दसऱ्यापासून ते फारसे हसले नव्हते.

गाडी वळवायला जागा पुढे ओढ्याच्या पुलापाशी होती. मी गाडी सुरू केली, इंडिकेटर लावला आणि निघाले. रस्ता अगदी रिकामा होता. मधे पट्टा नाही, पुढे रिक्षा नाही, शेजारी लेक नाही. टिक टिक चालू होतं. मी अगदी नीट, तळ्याकाठच्या गावात रोज काढायचे तशी, उजवी कड धरून चालले होते, आणि मला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. उलट मला वाटत होतं की आता जमायला लागलं.

पुलाच्या वळणावरून कडब्याने भरलेली ट्रॉली ओढत ट्रॅक्टर समोर आला.

तो त्याच्या बाजूने होता. मीही त्याच्याच बाजूने होते. मला ते कळलंच नाही. मला वाटलं, हा असा माझ्या अंगावर का येतोय? मी पाय उचलून घेतला. दोन महिने लेकीने जे घोटून घेतलं होतं ते सगळं गेलं आणि सव्वीस वर्षांचा पाय वर आला. ट्रॅक्टरवाल्याचं उघडं तोंड दिसलं. माझ्या डाव्या हाताचं बोट स्टिअरिंग सोडून हवेत काहीतरी शोधत होतं. आर शोधत होतं ते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, आज पहिल्यांदा लिहिते आहे.

"ब्रेक," सर म्हणाले. वर्गात म्हणायचे तसं, आवाज न चढवता. आणि त्यांनी हँडब्रेक ओढला.

गाडी हिसका बसून तिरपी झाली आणि बंद पडली. ट्रॅक्टर खाली उतरून काटेरी झुडपात थांबला. कडब्याच्या दोन-चार पेंढ्या आमच्या बोनेटवर येऊन पडल्या. मधे हातभर जागा असेल. इंडिकेटर टिकटिकत होता. सरांनी हात पुढे करून तो बंद केला.

ट्रॅक्टरवाला खाली उतरून आला. पन्नाशीचा असेल, डोक्याला पांढरा रुमाल, रागाने आणि भीतीने ओठ हलत होते. काचेत वाकून मला म्हणाला, "बाई, ही कोनती बाजू शे?" तोंडचं पाणी पळालं म्हणतात ते खरंच पळतं, जीभ टाळूला चिकटली होती. मग तो पलीकडे सरांकडे गेला. सरांचा स्वच्छ सदरा, चष्मा, खिशाला पेन. "तुम्ही शेतस ना बठेल," तो म्हणाला, "मंग बाईना हातमा गाडी काबर दिनी?" पुरुषमाणूस शेजारी बसलेला असताना बाईच्या हाती गाडी का दिली, असं त्याचं म्हणणं.

सर दार उघडून खाली उतरले. मी स्टिअरिंग घट्ट धरून बसले. मला वाटलं, आता ते म्हणतील, शिकतेय ती, हौस आहे तिला, चुकली. आम्ही महिनाभर सगळ्यांना हेच सांगत होतो. मी मान खाली घातली होती.

सर मूळचे धुळ्याकडचेच. पण मास्तर झाल्यापासून त्यांच्या तोंडी मी कधी अहिराणी ऐकली नव्हती, त्यांच्या आईशीसुद्धा ते पुस्तकी बोलायचे. ते म्हणाले, "माले फिट येस, भाऊ. माले गाडी चालाडता येत नही." मग माझ्याकडे हात केला. "म्हनीसन ती शिकनी. मन्हाकरता शिकनी." मी त्यांच्याकरता शिकले, हे ते एका परक्या माणसाला सांगत होते.

ज्या रस्त्यावर चप्पल हुंगवली होती तो रस्ता तिथून फार लांब नव्हता. मी काचेतून सरांकडे बघत होते. त्यांचे हात थरथरत होते, आणि मला ते थरथरणं कसलं आहे ते कळलं, म्हणून मी घाबरले नाही.

ट्रॅक्टरवाला एक पाऊल मागे सरला. मग त्याने रुमाल काढून तोंड पुसलं. "मन्हा भाऊले बी शे," तो म्हणाला. "गोया सोडू नका." त्याच्या भावालाही हेच होतं, म्हणून गोळ्यांचं तो जाणून होता. त्याने ट्रॅक्टरवरची पाण्याची बाटली आणून आधी सरांना दिली, मग मला. मी प्याले तेव्हा अर्धं पाणी पदरावर सांडलं. त्याने स्वतः पुढे उभं राहून, हात दाखवत, मला गाडी मागे घ्यायला लावली आणि डाव्या कडेला लावून दिली. जाताना काचेवर दोन बोटं वाजवून म्हणाला, "बैन, डावा हातले धर. भ्याऊ नको."

मी भ्यायलेच. पंधरा मिनिटं आम्ही तिथेच बसून होतो. क्लचवर माझा पाय ठरत नव्हता. मी म्हटलं, "मला नाही जमणार. मी तुम्हाला मारलं असतं." सर म्हणाले, "मीही तुला मारलं असतं, त्या दिवशी." मग म्हणाले, "चल, डॉक्टर जेवायला जातील." उरलेली सगळी वाट ते दर वळणाला फक्त एकच शब्द बोलत होते, "डावी," आणि मी "हो" म्हणत होते. धुळ्याला पोचलो तेव्हा दवाखान्याच्या फाटकात गाडी लावायला मला चार वेळा मागे-पुढे करावं लागलं आणि वॉचमन हसला. हसू दे म्हटलं.

घरी आल्यावर मी सरांना विचारलं, त्या माणसाला का सांगितलंत. ते चपला काढत होते. म्हणाले, "तो तुला बोलत होता ना."

दोन दिवसांनी त्यांनी भुसावळच्या त्या स्थळाला स्वतः फोन लावला. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते आणि हातातली पोळी करपली. त्यांनी काही लपवलं नाही, रस्ता, कपाशी, मोरी, गोळ्या, सगळं. पलीकडचे लोक म्हणाले, विचार करून कळवतो. अजून कळवलेलं नाही. लेक म्हणते, कळवतील किंवा नाही कळवणार, पण मला आता झोप लागते. मला अजून लागत नाही, पण ती गोष्ट वेगळी.

धुळ्याला मी दर महिन्याला जाते. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला मी लाल दोऱ्याचा गोंडा बांधून ठेवलाय, हाताला लागला की बाजू आठवते. भीती कमी झाली का, तर नाही. भीतीसकट नव्वद किलोमीटर जाते आणि नव्वद परत येते.

गेल्या महिन्यात डॉक्टरांपुढे सरांनी खाली बघत एक प्रश्न विचारला. घरातल्या पडद्यावरची, खोटी गाडी चालवली तर चालेल का? डॉक्टरांनी कागद चाळले, आमच्या फिटला पडद्याच्या उजेडाचा त्रास नाही म्हणाले, थोडा वेळ, कोणी जवळ असताना चालवा. त्या संध्याकाळी मी अस्तराचा कपडा काढून दिला. सर माझ्या शिलाईच्या स्टुलावर बसले. वर्षाहून जास्त काळ त्यांच्या हातात स्टिअरिंग आलेलं नव्हतं. हिरवी जीप पंपावर आली, तिचे दिवे दोनदा लुकलुकले आणि आज माझ्याऐवजी कोण आहे हे कळल्यावर लेक कानात काही तरी बोलली. काय ते मला ऐकू आलं नाही, हेडफोन सरांना होता. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि गाडी काढली. काय सुरेख चालवतात. एका झटक्यात उजवी बाजू धरली, चुकले नाहीत.

मी पलंगावर ब्लाउजला हुक लावत बसते. वळण आलं की ते इंडिकेटर लावतात. आवाज हेडफोनमध्ये असतो, मला ऐकू येत नाही, फक्त पडद्यावर पिवळा बाण लागतो-विझतो. मी सुई थांबवून त्यांच्या हातांकडे बघते. गाडी वळते, बाण विझतो आणि मग माझ्या लक्षात येतं की माझा उजवा पाय फरशीवर दाबलेला आहे.